माझं नाक आणि विहीणबाईंची जीभ

लेकानं मला आणि विहीणबाईंना वाईनची तळघरं बघायला नेलं. गाडीतच मी थाप ठोकून दिली, "माझं नाक बंद बाटलीतली वाईनसुद्धा ओळखतं!" आता विहीणबाईंसमोर तेच नाक कापलं जाऊ नये, एवढीच काळजी.

तळघरात उजेड जेमतेम. तिथल्या माणसानं ग्लास समोर ठेवले मात्र, मी लगेच गोल फिरवला, हुंगला, डोळे मिटून घोट घेतला. "पांढरी आहे. चांगली मुरलेली. लाकडाचा वास, मागून जरासा मध."

विहीणबाई कसल्या मागे राहतात! "मला तर सफरचंदही लागलं बाई. अहो, याच्याच दोन बाटल्या बांधा."

तो माणूस खाकरला.



"आजी, वाईन अजून यायचीय. हे चूळ भरायचं पाणी आहे."