माणसं बघणारा टीव्ही

दुकानातल्या पहिल्या टीव्हीसमोर दिगंबर आणि त्याची बायको मालिनी बसले, तेव्हा पडद्यावरची मॅच थांबली. "काका, तुमचा डावा हात थरथरतोय. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घ्या," टीव्ही म्हणाला.

"बिघडलेला दिसतोय," मालिनी घाईघाईने म्हणाली. "दुसरा दाखवा."

दुसरा, त्याहून मोठा टीव्हीही तेच म्हणाला. कोपऱ्यातला तिसरा मात्र गप्प होता.

"हाच द्या."

"ताई, हा जुन्या पद्धतीचा आहे. याला माणसं दिसत नाहीत," विक्रेता म्हणाला.

"म्हणूनच."

दिगंबरने डावा हात खिशात घातला. "पहिलाच घेऊ, मालू. हातावर तो लक्ष ठेवेल. नाहीतर उद्यापासून तू टीव्ही सोडून माझ्या हाताकडेच बघत बसशील."

मालिनीने मान डोलावली. पण तिची नजर त्याच्या खिशावरून हटेना.