नोटोरियस लोणचं

क्योटोच्या निशिवाकी मालकांनी परदेशी जाणाऱ्या लोणच्याच्या बरण्यांवर 'सुप्रसिद्ध' या अर्थाने मोठ्या हौसेने इंग्रजी शब्द छापायला दिला: 'नोटोरियस'. म्हणजे चक्क कुप्रसिद्ध! साप्पोरोहून नवीनच कामाला आलेल्या मियोकोला चूक लगेच कळली, पण मालकांना सांगणार कोण? तिने त्यांच्या इंग्रज जावयाला, क्लाइव्हला गाठलं.

"जावईबापू, तुम्हा लोकांना भीडबीड नसते. तुम्हीच सांगा बाई तोंडावर!"

बारा वर्षं क्योटोत मुरलेला क्लाइव्ह सासऱ्यांपुढे कमरेत वाकला. "वा, बाबा! काय शब्द शोधलात! आम्हा इंग्रजांना तर जन्मात सुचला नसता."

मियोकोने कपाळावर हात मारला.

मालकांचा चेहरा मात्र खर्रकन उतरला. "छपाई थांबवा रे! क्योटोत एवढं तोंडभरून कौतुक होतं, म्हणजे काहीतरी साफ चुकलेलं असतं."