धाकट्याचा इलाज

"आधी तू आत जा," ताई म्हणाली.

"तू आलीस तरच," असं म्हणत धाकटा दारातच खिळा ठोकल्यासारखा उभा राहिला.

छत्तीस वर्षांचा घोडा, तीन महिन्यांत बाप होणारा, आणि हट्ट मात्र शेंबड्या पोराचा. ताईने त्याचा दंड धरला आणि त्याला आत नेलं. सरकारी दवाखान्यात आठ महिन्यांची रांग होती, म्हणून हा खासगी पत्ता त्यानेच कुठून तरी हुडकून आणला होता. ताईने मात्र मनाशी खूणगाठ बांधली होती: बाळाच्या आधी हे काम तडीस न्यायचं.

खोलीत दोनच खुर्च्या होत्या. समुपदेशक बाईंनी फॉर्म पुढे केला. तो धाकट्याने घरूनच भरून पाठवला होता.

"इथे सही कर," धाकटा ताईला म्हणाला. "नातेवाइकाचीही लागते." आणि तिसरी खुर्ची आणायला बाहेर गेला.

ताई ग्रंथालयात पुस्तकं बांधायची. छापील कागद न वाचता हातावेगळा करायची तिला सवय नव्हती. तिने चष्मा लावला, फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला, एके ठिकाणी चुकलेला आकडा खोडून नीट लिहिला आणि सही केली. धाकटा खुर्ची घेऊन आला तेव्हा चष्मा परत डबीत गेला होता.

"काय त्रास होतो?" बाईंनी विचारलं.

"शिट्टी सहन होत नाही त्याला," ताई म्हणाली. "म्हणून माझ्या घरात कुकर नाही. किटलीसुद्धा नाही."

"तुम्ही एकत्र राहता?"

"छे. अधूनमधून येतो जेवायला."

"आणि याच्या घरी कुकर आहे?"

धाकटा खाकरला. "बायकोचा आहे."

बाईंनी हसू आवरलं. "कधीपासून हे?"

"आमची लाँड्री होती. तिथला बॉयलर फुटला. आई गेली त्यात. हा दोन वर्षांचा होता, मी नऊ."

"याला आठवतं ते?"

"काडीचंही नाही. म्हणून तर आत साठून राहिलंय."

"मग तुम्हीच सांगा," बाई म्हणाल्या. "सावकाश. एका दिवसात सगळं नको."

म्हणून ताई सांगत गेली, गुरुवारमागून गुरुवार. पहिल्यांदा नुसत्या चादरी सांगितल्या. ओल्या, पांढऱ्या, ओळीने टांगलेल्या, त्यांच्यामधून पळताना गालाला लागणाऱ्या. मग आईची इस्त्री आणि इस्त्रीच्या ठेक्यावरचं गाणं: डाग जाऊ दे पाण्याला, ऊब राहू दे घडीला. मग तो पितळी बॉयलर. तिथवर आली की ताई थांबायची आणि धाकट्याला पाणी प्यायला लावायची. तो निमूट प्यायचा. एका गुरुवारी तर त्याने तीन पेले रिचवले.

पाचव्या गुरुवारी जिन्यातच ताईचे पाय अडले.

"आज नको. तोंड बघ कसं उतरलंय तुझं."

धाकटा शेंगदाणे खात होता. त्याने पुडी खिशात घातली आणि जमेल तेवढं तोंड उतरवलं. "तू म्हणशील तसं, ताई."

ताई कठड्याला धरून उभी राहिली. वर बघितलं, खाली बघितलं. "नाही," ती म्हणाली. "एवढा जिना चढलो तो काय गुडघ्यांना व्यायाम म्हणून? चल."

आठव्या गुरुवारी तिने उरलेलं सांगितलं.

"आई म्हणाली होती, बॉयलरची शिट्टी झाली की मला हाक मार. ती मागे कपडे वाळत घालत होती. शिट्टी झाली. मी ह्याला कागदाची होडी करून देत होते. म्हटलं, एवढी शेवटची घडी घालते आणि उठते." ती थांबली. "आई आपणच आली धावत. ह्याला उचल आणि पळ म्हणाली. मी पळाले. मला वाटलं, मागून येतेय."

धाकटा हे पहिल्यांदाच ऐकत होता. आज पाण्याचा पेला कुणी उचलला नाही.

मग बाई म्हणाल्या, "एक सांगा. नऊ वर्षांच्या मुलीच्या भरवशावर तो बॉयलर सोडला कुणी?"

ताईने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. चौतीस वर्षं ते कागदाच्या घड्याच घालत आले होते. हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता.

नवव्या गुरुवारी बाईंनी शेगडीवर शिट्टीची किटली ठेवली. "चालेल ना?"

ताईने धाकट्याचा हात पकडला. "मी आहे ना," ती म्हणाली.

पाणी गुणगुणलं, कुरकुरलं आणि शिट्टी सुरू झाली. दोघांचे हात घामाने थबथबले. घाम कुणाचा ते हातांनाच ठाऊक.

"घाबरलाय हो," ताई दात आवळून म्हणाली.

"फार," धाकटा म्हणाला. बोटं दुखत होती तरी त्याने हात सोडवून घेतला नाही.

शिट्टी वाजत राहिली. मग ताई उठली. चार पावलं चालत गेली आणि तिने आपल्या हाताने शेगडी बंद केली.

दहाव्या गुरुवारी, परत जाताना, धाकटा जिन्याच्या वळणावर थांबला.

"पुढच्या गुरुवारी जमायचं नाही मला. तिला दवाखान्यात न्यायचंय."

"बरं."

"ताई, आणखी एक. मारू नकोस." तो पायरीकडे बघत राहिला. "तो फॉर्म मी भरला ना, त्यात पेशंटच्या नावापुढे मी..."

"माझं नाव लिहिलंस," ताई पुढची पायरी उतरत म्हणाली, "आणि माझी जन्मतारीख चुकवलीस. पहिल्याच दिवशी खोडून नीट केली मी."