हाकेचं पान

"खोटं आहे हे," आवडाबाई म्हणाल्या.

गोदा वाचता वाचता थांबली. कादंबरीतली कनकलता आत्ताच तळ्यात पडली होती आणि तिनं पहिली हाक मारली होती.

ठाण्याच्या वाचनालयाकडे मुंबईचे पुस्तकवाले नव्या कादंबऱ्या पाहायला पाठवत. त्यांतल्या कोणत्या विकत घ्याव्यात, याचा लेखी अभिप्राय देण्याचं काम गोपीनाथरावांकडे होतं. कोर्टातल्या कारकुनीतून त्यांना वाचायला सवड कुठली? लग्नानंतर त्यांनीच बायकोला, गोदेला, अक्षरओळख करून दिली होती. दुपारची भांडी आटोपली की गोदा माजघरात बसून मोठ्यानं वाचायची, सासूबाई वाती वळत ऐकायच्या, आणि मत सासूबाईंचं असायचं. प्रेमाच्या कादंबरीला त्या म्हणाल्या होत्या, "मेला उसासेच टाकतोय. जेवतो कधी?" ऐतिहासिक कादंबरीतला सरदार तीन दिवस दौडत होता, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "घोड्याला पाणी दाखवलं का कुणी?" गोपीनाथराव याचंच शुद्ध मराठी करून खाली सही ठोकत. वाचनालयाच्या समितीत त्यांच्या अभिप्रायांना मोठा मान होता.

या खेपेची तिसरी कादंबरी खुनाची होती.

"काय खोटं, सासूबाई?"

"बुडणारी बाई हाक मारत नाही."

गोदेला हसू आलं. "मग काय करते?"

"बघते." आवडाबाईंचे हात थांबले. "तोंड उघडं असतं, पण आवाज नसतो. हातांनी पाणी दाबत राहते, लहान मूल थोपटावं तसं. मी घाटावर धुणं पिळत होते. मला वाटलं, खेळतेय. म्हटलं, सगुणे, पुरे आता, घरी कामं पडलीत."

सगुणा ही गोपीनाथरावांची पहिली बायको. मागल्या दारच्या तळ्यात ती गेली, एवढं गोदेला लग्न ठरतानाच सांगितलं होतं. पाय घसरला, जवळ कुणी नव्हतं, असं सगळेच म्हणायचे. गेली तीन वर्षं गोदा तिचं नाव घातलेल्या तांब्यानं पाणी पीत होती.

"तुम्ही होतात तिथं?"

"चार पायऱ्या वर. पिळा टोपलीत टाकला नि मान वर केली, तर पाणी सपाट झालेलं."

"कुणाला बोलला नाहीत?"

"काय बोलू? बघत होते म्हणून?" त्यांनी पुन्हा कापूस उचलला. "वाच पुढं."

गोदेनं वाचलं. कनकलतेनं आणखी हाका मारल्या, माणसं धावली, एकानं उडी घेतली, तिला जिवंत बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी गोदेनं पुढचं प्रकरण काढलं.

"ते नको. ती हाक मारते तिथून वाच."

"खुनी कोण ते ऐकायचं नाही?"

"नाही."

चार दुपारी तेच पान झालं. पान संपलं की आवडाबाई मागल्या दाराकडे कान लावून बसायच्या. सकाळी घाटावर गेली की आता तिला पाण्याकडे पाठ करवेना. धुणं पिळताना दर खेपेला मान वर व्हायची. पाणी सपाटच असायचं, आणि तेच बघवत नसे.

शनिवारी गोपीनाथराव टाक घेऊन बसले. "तिसरीचं काय? आई काय म्हणाली?"

"खोटी आहे म्हणाल्या."

ते लिहू लागले.

"पण घ्या," गोदा म्हणाली.

"अगं, खोटी आहे आणि घ्या?"

"हो."

"समितीला कारण काय देऊ?"

गोदेनं माजघरात पाहिलं. आवडाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. सांगायचं तर आईनं मुलाला सांगायचं होतं. ते गोदेच्या हातातलं नव्हतं. कारण मिळेना, तेव्हा गोपीनाथरावांनी लिहिलं, 'असंभाव्य प्रसंगांनी भरलेली, घेऊ नये.' तिन्ही कादंबऱ्या फडक्यात बांधून ते घेऊन गेले.

सोमवारी दुपारी आवडाबाई नेहमीच्या जागी येऊन बसल्या. "काढ ते पान."

गोदेनं कोनाड्याकडे पाहिलं. तिथं पंचांग होतं. तिनं ते घेतलं, मधेच कुठंतरी उघडलं आणि मांडीवर धरलं. आवडाबाईंना अक्षर येत नव्हतं. गोदेला ते पान आता तोंडपाठ होतं. तळ्याचं वर्णन झालं, घसरडी पायरी झाली, तोल गेला. पुढचं नाव उच्चारताना तिची जीभ अडली, आणि दुसरंच नाव आलं.

"सगुणेनं पाण्यातून मान वर काढली आणि मोठ्यानं हाक मारली, 'सासूबाई!'"

आवडाबाईंच्या हातातला कापूस गळून पडला.

"आले गं, आले!"

भिंतीच्या आधारानं त्या उठल्या आणि मागल्या दाराशी गेल्या. उंबऱ्यात खाली वाकून त्यांनी हात लांब केला.

यापुढचं कुठल्याच पानावर नव्हतं. गोदेनं पंचांगावरची नजर काढली नाही. ती वाचत राहिली.