कानाखाली

खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून रंगाऱ्याचा उजवा हात छातीच्या वर जात नव्हता, आणि छतं रंगवण्यावरच तर त्याचं पोट होतं. त्याच्याकडून व्यायाम करून घेणाऱ्या बुटक्या फिजिओथेरपिस्टला त्याने कसाई नाव ठेवलं होतं. कळ मस्तकात गेली की तो दातओठ खात म्हणायचा, "हा हात वर येऊ दे, पहिला आवाज तुझ्याच कानाखाली काढतो."

"काढा की," म्हणत कसाई हात आणखी ताणायचा.

आज पहिल्यांदाच हात कसायाच्या गालापर्यंत सहज पोचला. रंगाऱ्याने पंजा उघडला.

 

कसायाने शांतपणे स्टूल ओढलं आणि त्यावर उभं राहून गाल पुढे केला. "आता इथं मारा."