साखरपुड्यातच लग्न

साखरपुड्याची पंगत बसायच्या आत कौतिकआबा उभे राहिले, तसा चोपड्याकडचा तो अख्खा मांडव चिडीचूप झाला. आबा आता काय बोलणार, हे समाजातल्या पोरासोरांनाही पाठ होतं.

"पाव्हणा जमेल शेतस, बामण बी शे. मंग पुन्हा बँड, पुन्हा मांडव, पुन्हा पंगती कसाले? आजच लगीन उरकी टाका!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. नवरीच्या बापाने तर आबांचे पायच धरले. "आबा, मनं घर वाचाडं तुम्ही!"

आबांच्या शब्दावर तालुक्यात अशी कितीतरी लग्नं लागली होती, आणि प्रत्येक लग्नात नवरा-नवरीच्या आधी हार पडायचा तो आबांच्या गळ्यात. आजही पडला. फक्त मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या मंडपवाल्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

वऱ्हाड पांगल्यावर तो मंडपवाला नवरीच्या बापाजवळ गेला. "मंग पुढला मोठा मांडव, लायटिंग, जनरेटर, बठ्ठं कॅन्सल ना?"

"आते कसाले, भाऊ!" नवरीचा बाप खुशीत हसला.

मंडपवाल्याने मान हलवली. कनाती उतरवल्या, खुर्च्या टेम्पोत रचल्या आणि गळ्यात हार तसाच ठेवून बसलेल्या आबांसमोर येऊन उभा राहिला.

"चाला बाबा, घर जाऊत, बठा गाडीम्हा. आज गाडी आपलीच शे. इकी टाकी मी, उद्या गिऱ्हाईक लई जाई."