निम्मा करंट

एकाच रेणूचा ट्रान्झिस्टर. चुंबक सुरू केला की त्यातला करंट बरोबर निम्मा होतो, हा तिचा पीएचडीचा चार वर्षांचा शोध. आज परीक्षकांना ते करून दाखवायचं होतं. तिने चुंबकाचं बटण दाबलं. चुंबक थंड ठेवणारा पंप घरघरला, टेबल नेहमीसारखं किंचित थरथरलं आणि पडद्यावरची रेघ झरकन निम्म्यावर उतरली. तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात लॅबमधले मेकॅनिक काका तिच्या कानाशी पुटपुटले, "पोरी, चुंबकाची वायर जोडायची राहिलीच माझ्याकडून. नुसता पंप चालू झालाय."

"शाब्बास," परीक्षक खूश होऊन म्हणाले. "आता तेवढा तो पंप बंद करा, काही ऐकूच येत नाही."